सार्वजनिक धोरण आणि क्षेत्र-संशोधन : पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कार्याचा आढावा

प्रस्तावना

शासनाने आखलेले धोरण योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे मार्ग अनेक आहेत. निवडणूक हा एक, न्यायालय हा दुसरा आणि वृत्तपत्रांतील चर्चा हा तिसरा. परंतु धोरणाचा जनसामान्यांच्या जीवनावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला, हे पद्धतशीरपणे तपासण्याचे काम यांपैकी कोणतीही यंत्रणा पूर्णपणे करू शकत नाही. त्यासाठी शासनाबाहेर राहून, नफ्याचा हेतू न ठेवता, दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या संस्थांची आवश्यकता असते. पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था ही भारतातील अशा संस्थांपैकी एक आद्य संस्था होय. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात 'गाडगीळ सूत्र' किंवा 'दांडेकर-रथ दारिद्र्यरेषा' यांचा उल्लेख येतो. मात्र ज्या संस्थेत हे विचार घडले तिच्या कार्यपद्धतीचा परिचय विद्यार्थ्यांना क्वचितच होतो. सदर लेखात संस्थेची वैचारिक पूर्वपीठिका, स्थापना, तिच्या प्रमुख अभ्यासांचे स्वरूप आणि तिच्यापुढील प्रश्न यांचा आढावा घेतला आहे. शासनाच्या सहकार्याने काम करणारी संस्था शासनाच्या धोरणाचे निःपक्षपाती परीक्षण करू शकते काय, हा या आढाव्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

वैचारिक पूर्वपीठिका

पुण्यात आर्थिक प्रश्नांच्या अभ्यासाची परंपरा संस्थेच्या स्थापनेपूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ सुरू झाली होती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली शेतसारा, दुष्काळ आणि शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण या विषयांवर माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने पाठविली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे या त्रैमासिकाचे संपादन केले आणि रानड्यांच्या देखरेखीखाली सरकारी अहवाल व अंदाजपत्रके वाचण्याची शिस्त आत्मसात केली.

या शिस्तीचे फळ १९०२ मध्ये दिसले. केंद्रीय कायदेमंडळात गोखले यांनी अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्याच भाषणात सरकारी शिलकीचे विश्लेषण केले. देशात दुष्काळ असताना तिजोरीत शिल्लक पडते ती समृद्धीमुळे नव्हे, तर लोकांवर गरजेपेक्षा अधिक कर लादल्यामुळे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांच्या आधारे मांडले. सरकारचे आकडे घेऊन सरकारलाच उत्तर देण्याची ही पद्धत संस्थेच्या पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

१२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. अल्प वेतनावर आयुष्य देशकार्यास वाहणारे, परंतु कार्यापूर्वी सार्वजनिक प्रश्नांचा रीतसर अभ्यास करणारे कार्यकर्ते तयार करणे हा समाजाचा हेतू होता. अभ्यासासाठी समाजाने प्रारंभापासूनच ग्रंथसंग्रह उभारला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निवर्तले. त्यांच्या पश्चात समाजाचे कार्य चालू राहिले.

संस्थेची स्थापना

सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी गोखले संस्था अस्तित्वात आली. देशातील आर्थिक व राजकीय प्रश्नांचे संशोधन करणे आणि अशा संशोधनासाठी अभ्यासक तयार करणे, ही तिची उद्दिष्टे होत. संस्था एका देणगीदाराच्या निधीतून उभी राहिली आणि ब्रिटिश सरकारवर अवलंबून नव्हती, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळात विद्यापीठांतील अर्थशास्त्र बव्हंशी पाठ्यपुस्तकांपुरते मर्यादित होते. देशी अर्थव्यवस्थेविषयीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालांतून व जमाबंदीच्या कागदपत्रांतून मिळवावी लागे.

संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) हे केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन आलेले अर्थशास्त्रज्ञ होते. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९३० ते १९६६ अशी छत्तीस वर्षे त्यांनी संस्थेचे संचालकपद भूषविले. एवढ्या दीर्घ काळात संस्थेला जी संशोधनाची दिशा मिळाली ती प्रामुख्याने त्यांचीच होय.

संस्थापकांच्या स्मरणार्थ सुरू झालेली काळे स्मृती व्याख्यानमाला हेही संस्थेचे एक महत्त्वाचे अंग आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या मालेत संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यान दिले व १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेवर कठोर टीका केली. संस्थेचे पालकत्व उदारमतवादी विचारांच्या समाजाकडे होते. तरीही भिन्न भूमिकेच्या विचारवंतास तिने व्यासपीठ दिले, ही बाब तिच्या स्वरूपावर प्रकाश टाकते.

क्षेत्र-पाहणीची परंपरा

गाडगीळांच्या काळातील संशोधनाचे विषय पाहिले असता त्यांतील साधेपणा प्रथम लक्षात येतो. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यानंतर मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीचा अभ्यास झाला. १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी प्रकाशित झाली. फळबाजार, मोटारगाडी आणि एका तालुक्यातील शेती हे विषय तत्कालीन विद्यापीठीय अर्थशास्त्राच्या दृष्टीने किरकोळ होते. परंतु शेतकऱ्याने विकलेल्या फळाच्या अंतिम किमतीतील किती हिस्सा त्याच्या हाती पडतो, अडत्याचा वाटा किती, याचे उत्तर सिद्धांतातून मिळत नाही. ते बाजारात जाऊनच मिळवावे लागते.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी होय. शहरातील कुटुंबांचा नमुना निवडून त्यांचे व्यवसाय, उत्पन्न, निवास व कुटुंबरचना यांची माहिती घेण्यात आली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये व दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहराची फेरपाहणी करून तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रकाशित करण्यात आला. एकाच शहराचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा निरीक्षण केल्यामुळे रोजगार व मिळकत यांत झालेला बदल मोजणे शक्य झाले. याच सुमारास कोल्हापूर शहराची आणि पुढे सोलापूर शहराचीही पाहणी झाली.

१९४८ मध्ये गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवरून मोजण्याची तेव्हा रीत होती. या अभ्यासात कालव्याखालील शेती आणि कोरडवाहू भागातील शेती यांची तुलना करून उत्पन्न, रोजगार व व्यापार यांत पडणारी अप्रत्यक्ष भरही हिशेबात घेण्यात आली. त्यामुळे पाणीपट्टीच्या हिशेबात तोट्यात दिसणारा कालवाही समाजाच्या हिशेबात लाभदायक ठरू शकतो, ही दृष्टी नियोजनकारांना मिळाली. प्रवरेच्या याच परिसरात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अभ्यासकाने आपल्या अभ्यासक्षेत्रातील लोकांबरोबर प्रत्यक्ष संस्था उभारण्याचे हे उदाहरण दुर्मीळ म्हणावे लागेल.

स्वातंत्र्योत्तर काळ : शासनाशी सहकार्य

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे शासनाशी असलेले नाते बदलले. नियोजनासाठी माहितीची निकड होती आणि ती गोळा करण्याचा अनुभव फार थोड्या संस्थांकडे होता. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी झाली तेव्हा पश्चिम भारताकडील क्षेत्रकार्यात गोखले संस्थेचा सहभाग होता. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीवर गाडगीळ सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी केवळ ३.१ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून आणि ३.३ टक्के सरकारकडून मिळते, उर्वरित भार मुख्यतः सावकारांवर आहे, हे या पाहणीने दाखवून दिले. ग्रामीण पतपुरवठ्याच्या पुढील धोरणाचा पाया या आकड्यांवर रचला गेला.

१९५४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या साहाय्याने संस्थेत कृषी-अर्थशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. लोकसंख्याविषयक अभ्यासही याच दशकात रुजला; वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूविषयक पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५९ पासून 'अर्थविज्ञान' हे नियतकालिक निघू लागले. संशोधनाचा व्याप वाढला, तसा शासकीय निधीचा वाटाही वाढला. मूळ देणगीच्या बळावर एवढे कार्य चालणे शक्य नव्हते. अशा स्थितीत संस्थेच्या निष्कर्षांवर निधी देणाऱ्याचा प्रभाव पडला काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर पुढील तीन अभ्यासांतून शोधता येते.

तीन अभ्यास : धोरणाचे परीक्षण

पहिला अभ्यास कुळकायद्याचा आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. संरक्षित कुळांचे हक्क, खंडाची कमाल मर्यादा आणि जमीन खरेदीचा अधिकार अशा तरतुदी त्यात होत्या. बागायत जमिनीच्या पिकाचा एक-चतुर्थांश व जिरायत जमिनीच्या पिकाचा एक-तृतीयांश याहून अधिक खंड घेता येणार नव्हता. या कायद्याच्या अंमलबजावणीची दांडेकर व खुदानपूर यांनी केलेली पाहणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायद्याने ठरविलेला खंड आणि प्रत्यक्षातील खंड यांत अंतर राहिल्याचे तिच्यात आढळले. 'स्वतः कसण्यासाठी' म्हणून मालकांनी जमिनी परत घेतल्या होत्या. अनेक कुळांनी 'स्वखुशीने' राजीनामे दिले होते, पण ती स्वखुशी संशयास्पद होती. जमिनीचे व्यवहारही कायदा नसल्याप्रमाणेच चालू होते. पुरोगामी म्हणून गौरविलेला कायदा गावपातळीवर निष्प्रभ ठरत असल्याचे हे स्पष्ट विधान होते. याच वर्षी दांडेकर व जगताप यांचा 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हा मराठी ग्रंथ संस्थेने प्रकाशित केला. त्यामुळे कायदा ज्या समाजात राबवायचा त्या समाजाचे चित्रही उपलब्ध झाले.

दुसरा अभ्यास दारिद्र्याचा आहे. १९६६ मध्ये वि. म. दांडेकर संचालक झाले व १९८० पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी नीळकंठ रथ यांच्यासह केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज दरमाणशी २२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर शक्य होतो, ती पातळी त्यांनी दारिद्र्यरेषा मानली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली असल्याचे त्यांनी दाखविले. त्यानंतरच्या दशकातील विकासाचा लाभ मुख्यत्वे वरच्या गटांना झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या वर्षी 'गरिबी हटाओ' ही घोषणा निवडणुकीत दुमदुमत होती, त्याच वर्षी गरीब म्हणजे कोण व किती, याचे मोजमाप देशापुढे आले. जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटण्याजोगा नाही, कारण वाटण्याजोगी जमीन पुरेशी नाही. ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी आणि त्याचा भार सुस्थितीतील वर्गाने उचलावा, असा उपाय त्यांनी सुचविला. हे मत त्या काळात डाव्यांना रुचणारे नव्हते आणि करभाराच्या सूचनेमुळे उजव्यांनाही नव्हते.

या अभ्यासावर टीकाही झाली. उष्मांकाच्या एकाच सरासरी प्रमाणावरून माणसाची गरज ठरविता येत नाही, शरीराची गरज काळानुसार बदलते, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. हा वाद अनेक वर्षे चालला व त्यातून दारिद्र्य मोजण्याच्या पद्धती अधिक काटेकोर झाल्या. दुसरीकडे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकारास आली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेचा उगम स्वतंत्र आहे. तिचे श्रेय दांडेकर-रथ अभ्यासास देणे योग्य होणार नाही. मात्र ती प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचते, याची कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांनी केलेली पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. धोरण सुचविण्याइतकेच त्याच्या परिणामांच्या तपासणीला येथे महत्त्व दिलेले दिसते.

तिसरा अभ्यास अध्यादेशांचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार विधिमंडळाचे अधिवेशन नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. परंतु अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनंतर तो संपुष्टात येतो. संस्थेतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या अध्यादेशांचा मागोवा घेतला. १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा प्रख्यापित करून एक ते चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यात आले होते, असे त्यांना आढळले. काही आठवड्यांसाठी असलेला अधिकार वापरून विधिमंडळाला वर्षानुवर्षे बाजूस सारण्यात आले होते. हे संशोधन संस्थेने १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वाधवा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिकाही दाखल केली. २० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली आणि संशोधकास खर्चापोटी १०,००० रुपये देण्याचा आदेश दिला. एका राज्याच्या राजपत्राचे अंक चिकाटीने चाळून केलेले काम घटनात्मक कायद्याचा भाग झाले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानेही अध्यादेशांचे पुनःप्रख्यापन ही घटनेची फसवणूक असल्याचे प्रतिपादन केले.

या तिन्ही अभ्यासांत एक समान सूत्र आहे. कायदा, योजना किंवा घटनात्मक तरतूद कागदावर काय सांगते यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते हे तपासणे, आणि तपासाचा निष्कर्ष शासनाला गैरसोयीचा असला तरी प्रसिद्ध करणे, हे ते सूत्र होय.

धोरणनिर्मितीतील सहभाग

संस्थेतील अभ्यासकांनी शासनात जाऊनही काम केले. गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय साहाय्य देताना मनमानी होऊ नये म्हणून चौथ्या योजनेसाठी १९६९ मध्ये जे सूत्र स्वीकारण्यात आले ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला आणि प्रत्येकी १० टक्के भार दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष समस्या यांना देण्यात आला. सूत्राविषयी मतभेद असू शकतात. परंतु वाटपाचा निकष जाहीर व मोजता येण्याजोगा असावा, हा आग्रह संस्थेच्या परंपरेशी सुसंगत होता. संचालकपदावरून निवृत्त झाल्यानंतर दांडेकर यांनी महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा शोध घेणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षपद भूषविले. समितीने १९८४ च्या अहवालात विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा असल्याचे दाखविले. विदर्भ व मराठवाड्याच्या मागासलेपणाच्या चर्चेला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला आणि 'अनुशेष' हा शब्द राज्याच्या राजकारणात कायमचा रूढ झाला.

मर्यादा व आव्हाने

संस्थेच्या कार्याच्या काही मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा भाषेची आहे. मोजके अपवाद वगळता तिचे अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ज्या वाई तालुक्यातील शेतकऱ्याची किंवा पुण्यातील कामगाराची माहिती घेतली गेली, त्याला आपल्याविषयीचा निष्कर्ष वाचता आला नाही. दुसरी मर्यादा निधीची आहे. मूळ देणगीने दिलेले स्वातंत्र्य पुढे शासकीय अनुदान व प्रकल्पनिधी यांच्या मिश्रणावर टिकवावे लागले. प्रकल्पाचा विषय निधी देणारा ठरवीत असेल, तर फळबाजारासारखा कोणीही न सुचविलेला विषय निवडण्याची मोकळीक संकुचित होते. तिसरे आव्हान स्वरूपबदलाचे आहे. १९९३ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे पदव्या देण्याचा अधिकार आला, विद्यार्थिसंख्या वाढली. त्याचबरोबर अध्यापनाचा भारही वाढला. दीर्घ क्षेत्र-पाहण्यांना लागणारा वेळ व मनुष्यबळ पूर्वीप्रमाणे उपलब्ध होणे त्यामुळे कठीण झाले.

चौथे आव्हान प्रशासनाचे आहे. संस्था, तिची पालक असलेली भारत सेवक समाज ही संघटना आणि विद्यापीठांचे नियमन करणारी शासकीय यंत्रणा यांच्यातील अधिकारांची सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहिलेली नाही. २०२४ मध्ये कुलगुरूंच्या पात्रतेवरून निर्माण झालेला वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाच्या गुणदोषांची चर्चा प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरची आहे. संशोधनाचे स्वातंत्र्य केवळ संशोधकाच्या धैर्यावर अवलंबून नसते. नियुक्ती, निधी आणि विश्वस्तव्यवस्था यांच्या नियमांवरही ते अवलंबून असते, एवढा बोध मात्र त्यातून घेता येतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, शासनाच्या सहकार्याने काम करूनही संस्थेला शासकीय धोरणाचे निःपक्षपाती परीक्षण करता आले. याची तीन कारणे दिसतात. संस्थेचा प्रारंभ स्वतंत्र देणगीतून झाला. तिचे नेतृत्व दीर्घकाळ स्थिर राहिले. आणि तिचे निष्कर्ष मतांवर नव्हे, तर कोणालाही पुन्हा तपासता येतील अशा नोंदींवर आधारलेले होते. यांपैकी पहिली दोन कारणे आज पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. तिसरे कारण मात्र कोणत्याही संस्थेला, अगदी एखाद्या ग्रामीण महाविद्यालयालाही, अंगीकारता येण्यासारखे आहे. आपल्या तालुक्यातील बाजार समितीत शेतमालाला मिळणारा भाव, एखाद्या योजनेचे लाभार्थी किंवा कालव्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचणारे पाणी यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यास मोठ्या निधीची गरज नाही. वाई तालुक्याच्या पाहणीने जे केले तेच काम मराठीतून, आपल्याच परिसरात करणे, हा या संस्थेच्या इतिहासाचा सर्वांत उपयुक्त वारसा ठरेल.